सफरचंदाच्या जाती व त्यांचा पिकण्याचा क्रम

आंब्याविषयी आमच्याकडील लहान मुलासही पुष्कळ कळते. हापूस व पायरी ह्यांचे दिवस कोणते, रायवळ केव्हा पडू लागतो, नीलम बाजारात दिसू लागला म्हणजे पाऊस जवळ आला असे का समजावे, हे त्यास कोणी पाटीवर लिहून दिलेले नसते; घरातील आढीशेजारी वावरताना ते आपोआप समजते. दिवाळीत झाडावरचा हापूस मागणाऱ्यास आपण हसू. परंतु सफरचंदाची गोष्ट निराळी आहे. ते फळ आपल्या अंगणात होत नाही. दुकानात मात्र ते बाराही महिने मांडलेले असते. त्यामुळे सफरचंद म्हणजे एकच एक तांबडे फळ, आणि त्याला ऋतू म्हणून काही नाही, अशी आपली समजूत होऊन बसते. घरात कोणी आजारी पडले की ते आणावयाचे, आणि फोड पिठासारखी लागली तर फळ वाईट निघाले असे म्हणावयाचे, एवढ्यावर आपले ज्ञान थांबते.

ह्या लेखात आम्ही इतकेच दाखविणार आहो की, सफरचंदाच्या प्रत्येक जातीला तिचा असा एक काळ नेमलेला आहे. जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत ह्या जाती एकीमागून एक रांगेने पिकतात. आणि सामान्यतः जी आधी पिकते ती टिकत नाही, जी मागाहून पिकते ती टिकते. हा क्रम ठाऊक नसल्यामुळे गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात. परंतु बागाईतदाराने तो विसरल्यास त्याचे सबंध वर्ष, आणि क्वचित् सबंध बागही, जाते.

प्रथम 'जात' म्हणजे काय ते पाहू. सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातील तिएनशान पर्वतात आहे. कझाकस्तानातील डोंगरउतारांवर आजही रानटी सफरचंदांची वने आहेत, व त्यांत एका झाडाचे फळ दुसऱ्यासारखे नसते. ह्याचे कारण असे की, सफरचंदाच्या बीपासून आईसारखे झाड होत नाही. गोड फळाची बी पेरावी, तर उगवणारे झाड आंबट, तुरट, लहान, मोठे, कसल्याही फळाचे निघेल. म्हणून एखाद्या झाडाचे फळ उत्तम निघाले, तर त्या झाडाची काडी किंवा डोळा घेऊन दुसऱ्या खुंटावर कलम करावे लागते. आपल्या हापुसाचेही असेच आहे. तेव्हा एका नावाची जेवढी झाडे जगात आहेत, ती सर्व एका मूळ झाडाचीच अंगे होत, असे म्हटल्यास चूक नाही.

उदाहरण घेऊ. आज भारतात सर्वांत अधिक दिसणारी जात रेड डेलिशियस होय. अमेरिकेतील आयोवा प्रांतात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत, १८७० च्या सुमारास, ओळीबाहेर एक रोप उगवले. त्याने ते कापून टाकले, तरी ते पुन्हा फुटले, म्हणून अखेर त्याने ते राहू दिले, असे सांगतात. पुढे त्यास जी फळे आली ती इतकी मधुर होती की, स्टार्क बंधू ह्या रोपवाटिकेच्या मालकांनी १८९४ साली त्या झाडाचे हक्क विकत घेतले व त्यास 'डेलिशियस' असे नाव दिले. ऑस्ट्रेलियातील मरिया स्मिथ ह्या वृद्ध बाईच्या मळ्यात असेच आपोआप उगवलेले एक झाड १८६८ साली लोकांच्या दृष्टीस पडले. तीच आजची हिरवी 'ग्रॅनी स्मिथ'. अशा रीतीने एकेका झाडापासून एकेका जातीचा विस्तार झाला आहे.

आपल्या देशात काश्मीर खोऱ्यात सफरचंद पूर्वीपासून होते. तेथील 'अंबरी' ही जात तेथलीच समजतात. ती सुवासिक, गोड व टिकाऊ असून खोऱ्यातील जुन्या लोकांस अजूनही तिचा अभिमान वाटतो. हिमाचलातील बागांचा इतिहास मात्र अर्वाचीन आहे. १८७० मध्ये कॅप्टन ली ह्या इंग्रज गृहस्थाने कुलू खोऱ्यातील बंदरोल येथे विलायती झाडे लावली. ती फळे बहुतांशी आंबटसर होती. साहेबलोकांस ती आवडत, पण आमच्या बाजारास गोडाची आवड! ही अडचण सॅम्युअल स्टोक्स ह्यांनी दूर केली. हे १८८२ साली अमेरिकेत जन्मले, १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करण्यासाठी सिमल्याजवळील सुबाथू येथे आले, व पुढे कोटगड येथे घर करून राहिले. त्यांनी १९१६ साली अमेरिकेतून रेड डेलिशियसची रोपे आणविली. पाच वर्षांनी गोल्डन डेलिशियसचीही रोपे आली. डोंगरातील शेतकऱ्यांना त्यांनी ती वाटली व लावण्यास शिकविले. स्वातंत्र्याच्या चळवळीत १९२१ साली त्यांनी तुरुंगवासही पत्करला. १९३२ मध्ये ते सत्यानंद झाले, व १९४६ मध्ये निवर्तले. ज्या पहाडी घरांत पूर्वी जेमतेम धान्य होई, त्या घरांत सुबत्ता आली ती ह्या एका झाडाच्या पायी.

आता पिकण्याच्या क्रमाकडे वळू. भातशेती करणाऱ्या आमच्या पालकांस 'हळवे', 'निमगरवे' व 'गरवे' हे शब्द नवीन नाहीत. जे भात थोड्या दिवसांत तयार होते ते हळवे. ज्यास पुष्कळ दिवस लागतात ते गरवे. मधले ते निमगरवे. सफरचंदाच्या जातींसही हेच शब्द उत्तम लागू पडतात.

सफरचंदाचा फुलोरा आपल्या पहाडी मुलखात साधारणतः एप्रिलमध्ये येतो. फुलोऱ्यापासून फळ तोडणीस येईपर्यंत किती दिवस लागतात, ह्यावर जातीचा काळ ठरतो. टाइडमन ही हळवी जात इंग्लंडात केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे तयार केलेली आहे. तिला सुमारे पंच्याण्णव दिवस पुरतात. रेड डेलिशियसला सुमारे एकशेचाळीस लागतात. ग्रॅनी स्मिथला एकशेसत्तरच्या आसपास लागतात. विद्यार्थी मित्रहो, फुलोरा १५ एप्रिलला भरात आला असे धरून बोटांवर मोजून पाहा. टाइडमन १९ जुलैच्या सुमारास, रेड डेलिशियस २ सप्टेंबरच्या सुमारास व ग्रॅनी स्मिथ २ ऑक्टोबरच्या सुमारास तयार व्हावी, असे उत्तर येईल; आणि सामान्यतः तसेच घडते. फुले एकाच आठवड्यात उमललेली, पण फळांत अडीच महिन्यांचे अंतर!

ह्या हिशेबाने रांग अशी लागते. जूनअखेर व जुलैत टाइडमन व इतर हळव्या जाती येतात. जुलैअखेर व ऑगस्टात 'गाला' येते. ही न्यूझीलंडात निपजलेली जात अलीकडे आपल्याकडेही पुष्कळ लावू लागले आहेत. ऑगस्ट व सप्टेंबर हे निमगरव्या डेलिशियस घराण्याचे महिने. हिमाचलात ज्यास नुसते 'रॉयल' म्हणतात ते ह्याच घराण्यातले. तांबड्या डेलिशियसनंतर आठ-दहा दिवसांनी पिवळी गोल्डन डेलिशियस येते. सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरात काश्मीरची अंबरी उतरते. मग ग्रॅनी स्मिथ व जपानात निपजलेली 'फुजी'. सर्वांच्या शेवटी, थंडी पडू लागल्यावर, काश्मीरची आंबटसर 'महाराजी' येते.

परंतु ह्या रांगेस उंचीचाही एक नियम आहे. एकच जात पाच हजार फुटांवर लवकर पिकते व आठ हजार फुटांवर उशिरा. कारण वर हवा थंड असल्यामुळे फुलेही उशिरा येतात व फळही सावकाश भरते. ह्यामुळेच कुलूच्या खालच्या भागातील डेलिशियस संपत आल्यावर किन्नोर जिल्ह्यातील डेलिशियस बाजारात येऊ लागते. काश्मीर खोऱ्यातील डेलिशियसही मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. तेव्हा जुलै महिन्यात कोणी 'ताजे काश्मिरी डेलिशियस' म्हणून फळ पुढे केले, तर ते एक तर गतवर्षीचे असेल, नाही तर दुसऱ्याच जातीचे असेल, हे आपण घरबसल्या सांगू शकतो.

आता हळवे फळ टिकत का नाही, ह्याचा विचार करू. कच्च्या सफरचंदात पिष्टमय द्रव्य साठलेले असते. फळ पिकू लागले म्हणजे ह्या पिष्टाची साखर होते, आंबटपणा कमी होतो, गर मऊ पडू लागतो. तोडल्यावरही फळ मरत नाही. ते आपल्यासारखाच श्वासोच्छ्वास करीत असते व आपल्यातील साखर हळूहळू खर्चीत असते. त्याच वेळी ते एथिलीन नावाचा वायू सोडते, आणि हा वायू पिकण्याची क्रिया आणखी जलद करितो. हळव्या जातींत हे सर्व व्यवहार घाईने चालतात. शिवाय त्या पिकतात त्या वेळी हवाही उष्ण असते. म्हणून टाइडमन साध्या हवेत थोड्याच दिवसांत पिठूळ होते. गरव्या जातींत हीच क्रिया मंद असते, व त्या थंडीच्या तोंडाशी उतरतात. म्हणून त्या कित्येक महिने करकरीत राहू शकतात. महाराजी तर तोडल्याबरोबर खाण्यापेक्षा काही काळ ठेवून खाल्लेली बरी लागते. आंबे आढीत घातल्यावर एक पिकला की शेजारचेही पिकू लागतात, हे आपण पाहतो. तेथेही हाच वायू काम करीत असतो.

शाळेत किंवा घरी करून पाहण्याजोगे दोन प्रयोग येथे सांगतो. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा पातळ अर्क एक थेंब टाका. ती निळीकाळी होईल, कारण तिच्यात पिष्ट आहे. आता सफरचंद आडवे कापून त्यावर तोच अर्क लावा. फळ कच्चे तोडलेले असल्यास बराच भाग काळा होईल. पुरते पिकलेले असल्यास रंग फारसा चढणार नाही. बागाईतदार हीच परीक्षा करून तोडणीचा दिवस ठरवितात. अर्क लावलेली फोड कोणी खाऊ नये. दुसरा प्रयोग असा: एक पिकलेले सफरचंद व दोन हिरवी केळी एका कागदी पिशवीत बांधून ठेवा, व तसलीच दोन केळी दुसऱ्या पिशवीत निराळी ठेवा. कोणती आधी पिवळी होतात ते पाहून वहीत टिपून ठेवा.

झाडावरचे फळ तयार झाले की नाही हे ओळखण्याच्या जुन्या खुणाही आहेत. तांबड्या रंगावर विसंबू नये. तांबड्याच्या आड जो मूळ हिरवा रंग असतो तो फिका, पिवळसर होऊ लागला पाहिजे. बी पांढरी असेल तर फळ कच्चे. ती तपकिरी झाली पाहिजे. आणि फळ तळहातावर घेऊन किंचित् वर उचलून वळविले असता देठासकट सहज सुटून आले पाहिजे. ओढाताण करावी लागली तर त्याची वेळ झालेली नाही.

मग मे महिन्यात दुकानात सफरचंद येते कोठून? त्याचे उत्तर दुहेरी आहे. पृथ्वीच्या दक्षिणार्धात ऋतू उलटे असतात. न्यूझीलंड व चिली ह्या देशांत आपल्या फेब्रुवारी ते मे ह्या महिन्यांत तोडणी चालते, व ती फळे जहाजाने मुंबईस येतात. दुसरा मार्ग शीतगृहांचा. केंब्रिज येथील किड व वेस्ट ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखविले की, थंड व बंद कोठारातील प्राणवायू कमी करून कार्बन डाय-ऑक्साइड बेताने वाढविला, तर फळाचा श्वास मंदावतो व ते पुष्कळ काळ टिकते. साध्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. अशा कोठारांत तो शेकडा दोन-तीनवर आणतात व उष्णमान शून्य अंशाच्या जवळपास राखतात. काश्मीरातही आता अशी कोठारे झाली आहेत. ऑक्टोबरात तोडलेले फळ त्यांत झोपी जाते व उन्हाळ्यात बाहेर येते. अशा फळात वाईट असे काही नाही. मात्र कोठाराबाहेर आल्यावर ते पुन्हा वेगाने पिकू लागते, म्हणून घरी आणल्यावर फार दिवस ठेवू नये, व केळ्यांच्या शेजारी तर ठेवूच नये.

येथवर जे सांगितले ते गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे झाले. आता बागाईतदाराकडे पाहू. कारण ह्या क्रमाचे खरे मोल त्यासच द्यावे लागते. बाजारात तांबड्या गोड डेलिशियसला भाव चांगला येतो असे दिसताच पहाडांतील लोकांनी जिकडेतिकडे तीच एक जात लाविली. अंबरी मागे पडली. आंबट, पिवळी, हिरवी झाडे कित्येक बागांतून निघाली. परंतु डेलिशियसचे फूल स्वतःच्याच परागाने नीट फळत नाही. त्याच वेळी फुलणारे दुसऱ्या जातीचे झाड जवळ असावे लागते, व मधमाश्यांनी त्याचा पराग आणावा लागतो. डेलिशियस घराण्यातील भावंडे एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून बागेत पाव ते एक-तृतीयांश झाडे गोल्डन डेलिशियस, टाइडमन ह्यांसारखी परक्या कुळाची असावीत, असे जाणते लोक सांगतात. ज्यांनी भावाच्या लोभाने ती काढली, त्यांच्यावर फुलोऱ्याच्या दिवसांत दुसरीकडून फुललेल्या फांद्या आणून, पाण्याच्या पिशव्यांत बुडवून, झाडांवर बांधण्याची व मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणण्याची पाळी आली.

दुसरे संकट रोगाचे. सर्व बाग एकाच अंगाची असली म्हणजे एकास लागलेला रोग सर्वांस लागतो. 'स्कॅब' नावाच्या बुरशीमुळे फळावर काळपट खपल्या धरतात व ते विक्रीस निरुपयोगी होते. डेलिशियस ह्या रोगास सहज बळी पडते. १९७३ साली काश्मीरात व १९८३ साली हिमाचलात ह्या रोगाची मोठी साथ येऊन बागाईतदारांचे अतोनात नुकसान झाले. भिन्न जाती, भिन्न काळी पिकणाऱ्या, थोड्या थोड्या लावलेल्या असत्या, तर एकाच घावाने सर्व घर बसले नसते. गारपिटीचेही तसेच, जी गार ऑगस्टात रॉयलचा नाश करिते, तिच्या आधी टाइडमन पेट्यांत भरून बाजारात गेलेली असते.

तिसरे संकट माणसाच्या उतावळेपणाचे. हंगामाच्या आरंभी भाव चढा असतो, म्हणून काही जण फळ तयार होण्यापूर्वीच तोडतात. कोणी रंग चढविणारे औषधही फवारतात. अशा फळास तांबडेपणा येतो, पण पिष्टाची साखर झालेली नसते. ते खाणारा एकदा फसतो, व पुढे खऱ्या फळाकडेही संशयाने पाहतो. उतावळ्या दहा जणांमुळे उरलेल्या शंभरांचा भाव पडतो.

चौथे संकट ऋतूचे. डेलिशियसच्या झाडास हिवाळ्यात विश्रांती लागते. सात अंशांखालील थंडी हजाराहून अधिक तास मिळाली नाही, तर वसंतात त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. अलीकडील हिवाळे ऊबदार होत चालल्यामुळे कुलूच्या खालच्या भागात ह्या बागा पूर्वीसारख्या फळत नाहीत, व सफरचंदाची लागवड डोंगरावर अधिकाधिक उंच चढत चालली आहे. खाली राहिलेले लोक डाळिंबासारख्या दुसऱ्या फळांकडे वळत आहेत.

ह्या ठिकाणी महाराष्ट्रातील पालकांस एक सूचना करणे आम्हांस अवश्य वाटते. आपल्याकडेही सफरचंद होते असे ऐकून पुष्कळ जण रोपे मागवितात. ती डेलिशियसची असतील, तर कोकणात काय किंवा देशावर काय, आवश्यक थंडी मिळत नसल्यामुळे त्यांपासून फळाची आशा धरू नये. थोड्या थंडीवर फळणाऱ्या जाती निराळ्या आहेत: इस्राएल देशातील 'अ‍ॅना', बहामा बेटांतील 'डॉर्सेट गोल्डन', व हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याच्या उष्ण भागात हरिमन शर्मा ह्या शेतकऱ्याने पुढे आणलेली 'एचआरएमएन-९९'. ह्या शेवटच्या जातीचे फळ जूनमध्येच तयार होते, व महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लाविली आहे. पण ध्यानात ठेवावे की, ही हळवी फळे होत. ती तोडून लगेच खावयाची वा विकावयाची. अंबरीप्रमाणे ती महिनोन्महिने ठेवू पाहणारा निराश होईल. रोप घेण्यापूर्वी जातीचे नाव, तिला लागणारी थंडी व तिचा पिकण्याचा महिना, ह्या तीन गोष्टी विचारल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

सारांश, सफरचंद हे एक फळ नसून फळांचे एक मोठे कुटुंब आहे, व त्यातील प्रत्येकाची वेळ निराळी आहे. हळव्याला हिणवू नये, कारण कोठारे रिकामी असतात तेव्हा तेच प्रथम धावून येते. गरव्याला घाई करू नये, कारण कडक हिवाळ्यात तेच पुरते. वाईट फळ पुष्कळदा जातीने वाईट नसते. ते वेळेआधी तोडलेले असते किंवा वेळेनंतर ठेवलेले असते. शाळेत मुलांचा प्रगतिपट हाती घेताना आमच्या पालकवर्गाने हा नियम आठवावा, इतकीच विनंती आहे. एकाच वर्गात काही मुले हळवी असतात व काही गरवी. एप्रिलचा फुलोरा सर्वांचा एकच दिसतो, म्हणून जुलैतच सर्वांकडून फळ मागू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, ह्यापुढे फळवाल्यापाशी उभे राहाल, तेव्हा नुसता भाव न विचारता, जात कोणती व तोडणी केव्हाची, हेही विचारीत जा. त्यास उत्तर देता आले नाही तरी, हाती घेतलेल्या फळाचा रंग व महिना पाहून, ते तुमचे तुम्हांस बरेचसे देता येईल.